माझा भाऊ डबल आणि हरवलेली डिस्क

माझ्या धाकट्या भावाला कारखान्यात सगळे 'डबल' म्हणतात. खिशात दोन पेनं, दोन रुमाल. सायकलच्या किल्ल्या दोन, एक स्वतःकडे, एक बायकोकडे. सकाळी उठायला दोन घड्याळं, तीही वेगवेगळ्या कंपन्यांची, कारण एकाच कंपनीची असली तर एकाच दिवशी बंद पडतील असं त्याचं म्हणणं. लग्न ठरलं तेव्हा दोस्तांनी विचारलं, "काय रे डबल, नवरी तरी एकच ना?" तर हा अगदी गंभीरपणे म्हणाला, "एकच. म्हणून तर जपायला लागणार."

एकाच गोष्टीवर भरवसा ठेवायचा नाही हा गुण त्याच्यात माझ्यामुळे आला, हे मी आधीच सांगून टाकतो. वडील लवकर गेले. त्याला हाताला धरून शाळेत मी नेलं, परीक्षेच्या दिवशी दोन पेन्सिली टोक करून मी दिल्या. मी स्वतः नववीत शाळा सोडली. आई म्हणते शाळेनेच मला सोडलं, पण तिला चेष्टेची सवय आहे. आमच्यात फरक एवढाच, की तो वस्तूंवर भरवसा ठेवत नाही आणि माणसांवर ठेवतो. माझं उलट. मशीनने मला आजवर फसवलेलं नाही. माणूस मात्र मी नोटेसारखा उजेडात धरून बघतो.

बावीस वर्षं मी कापडछपाईच्या एका कारखान्यात फिटर आहे. छपाईच्या रोलरचं बेरिंग गेलं की नुसत्या आवाजावरून कुठलं गेलं ते सांगतो. परदेशी कंपनीचा इंजिनियर एकदा आला होता, तो कानाला नळी लावून तासभर बसला, मी चहा पीत पीत सांगितलं, "डावीकडून तिसरं." तिसरंच निघालं. या कारखान्यात भावाला मी लावला. मालकांना म्हटलं होतं, "साहेब, माझ्यापेक्षा हुशार आहे." असं मी आयुष्यात एकाच माणसाबद्दल बोललोय.

त्याचं काम गार खोलीत. रंगाच्या गोदामावर जिना चढून गेलं की एक लहानशी खोली आहे, बारा महिने पंखा आणि एसी चालू. तिथे कमरेएवढ्या उंचीचा एक लोखंडी डबा. डिझाइनरबाई संगणकावर जी नक्षी काढतात, पानं, वेली, चौकडी, ती सगळी त्या डब्यात साठते आणि तिथून खाली छपाई मशीनला जाते. डब्यात दोन डिस्क, एकावर एक, कपाटातल्या खणांसारख्या सरकवलेल्या. वरच्या डिस्कवर जे लिहिलं जातं तेच त्याच क्षणी खालच्या डिस्कवर लिहिलं जातं. एक मेली तरी दुसरी काम ओढते. या जोडीवर देखरेख करणाऱ्या कार्डाला रेड कंट्रोलर म्हणतात. पोलिसांच्या धाडीशी त्याचा काही संबंध नाही, मी विचारून घेतलंय.

तीन महिन्यांपूर्वी वरची डिस्क बदलून ही जोडी त्याने नव्याने लावली, त्या दिवशी मी तिथे होतो. कंट्रोलरची एक युटिलिटी असते, म्हणजे पडद्यावरचा एक तक्ता: कुठल्या खणात कुठली डिस्क, तिचा नंबर काय, तब्येत कशी. हा पठ्ठ्या बटणावर बोट धरून पाच मिनिटं नुसता बसला.

"दाब की! बोटाला मुंग्या येतील."

"दादा, उलटं झालं तर भरलेल्या डिस्कवर रिकामी उतरेल. तू डिस्कवरचा नंबर वाच, मी पडद्यावर बघतो."

मी वाचला. अकरा आकडे आणि मध्ये दोन अक्षरं. "पुन्हा वाच," म्हणाला. पुन्हा वाचला. मग वहीत लिहिला, मग बटण दाबलं. ती वही त्याची गीता. रोज सकाळी आठ दहाला युटिलिटी उघडून दोन्ही डिस्कची तब्येत, गरमी, सगळं तो वहीत लिहितो. काही बिघडलं तर डब्याने शिट्टी मारायची आणि सुपरवायझरच्या टेबलावरच्या संगणकावर निरोप पाठवायचा, अशी व्यवस्थाही त्याने करून ठेवलेली.

फक्त एका गोष्टीसाठी तो मालकांच्या मागे लागला होता. जोडी आहे ती ठीक, पण वेगळी नक्कल दुसरीकडे ठेवायला हवी. मालक म्हणायचे, "दोन डिस्क आहेत ना? मग तिसरीचं काय लोणचं घालायचंय?"

"साहेब, हा आरसा आहे. आपण मिशी काढली की आरशातलीही जाते."

मालकांना मिशी नव्हती. त्यांनी मनावर घेतलं नाही.

आता मुख्य गोष्ट. त्याच्या बायकोच्या पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. सोमवार, मंगळवार, बुधवार त्याने रजा घेतली. गुरुवारी सकाळी आम्ही दोघं बरोबर कारखान्यात आलो, तर गार खोलीच्या जिन्यात गर्दी. डिझाइनरबाई पायरीवर बसलेल्या, हातात ओला रुमाल. मालक वर उभे. शेजारी सुपरवायझर, ज्याला आम्ही 'शिट्टी' म्हणतो, कारण तो माणसांना नावाने न बोलावता शिट्टीने बोलावतो.

मंगळवार-बुधवार डिझाइनरबाई कागदावरच कच्च्या नक्ष्या काढत होत्या. गुरुवारी सकाळी फोल्डर उघडलं तर गेल्या तीन महिन्यांची डिझाइनं नाहीत. एकशे चाळीस नक्ष्या. त्याआधीचं सगळं जागच्या जागी. बरोबर तीन महिन्यांपूर्वीच्या एका दिवशी गोष्ट संपलेली, जणू पुढचे तीन महिने कुणी जगलंच नाही. पुढच्या मोसमाचा सगळा माल त्या नक्ष्यांवर निघायचा होता.

"मला बघू द्या," भाऊ म्हणाला आणि एक पायरी चढला. मालकांनी हात आडवा धरला.

"किल्ली दे आधी."

"साहेब?"

"गार खोलीची किल्ली. तुझ्याकडे एक आणि माझ्या कपाटात एक. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे आत कोण जाऊ शकतं ते मोजायला बोटं जास्त लागत नाहीत."

शिट्टी खाली बघत होता. डब्याचं झाकण उघडून मालकांनी बाहेरूनच बघितलं होतं. दोन खणांत दोन डिस्क होत्या, पण वरच्या डिस्कवर धूळ आणि जुन्या मार्करची खूण. डिझाइनरबाई म्हणाल्या, "वरची तर ह्यांनी तीन महिन्यांपूर्वी नवी घातली होती. माझ्यासमोर." मग नवी गेली कुठे? नवी डिस्क कुणीतरी काढली, एकशे चाळीस नक्ष्यांसकट, आणि तिच्या जागी जुनी बसवली. मालकांच्या डोक्यात उत्तर तयार होतं. नदीपलीकडे दुसरा छपाई कारखाना आहे, आणि मोसम तोंडावर आलाय.

"शनिवारी संध्याकाळपर्यंत," मालक म्हणाले, "डिस्क माझ्या टेबलावर पाहिजे. नाहीतर पोलिसांत देतो. तोवर वर पाऊल ठेवायचं नाही."

माझ्या भावाला. सगळ्यांसमोर. मी पुढे सरसावलो, पण त्याने माझी बाही धरली. त्याने खिशातून किल्ली काढून दिली. मग दुसऱ्या खिशातून दुसरी काढून दिली. जिन्यात कुणीतरी फिसकन हसलं.

त्या दिवसापासून मी माणसं बघायला लागलो. रोलरचा पट्टा लावताना बघत होतो, ग्रीस भरताना बघत होतो. डिझाइनरबाई दुपारी फोनवर बोलताना तोंडावर हात का धरतात? (दात काढलाय म्हणाल्या. दाखवा म्हटलं. दाखवला.) पहारेकऱ्याने मंगळवारी कुणाला आत सोडलं? वहीत सही करून आलेला पाण्याच्या टाकीवाला नेमका मंगळवारीच का आला? मी टाकीही उघडून बघितली. शिट्टीला मी दोनदा विचारलं, "रजेच्या दिवसांत वर कोण गेलं होतं?" दोन्ही वेळा तो म्हणाला, "मी काय गार खोलीचा वॉचमन आहे का?" आणि लांब कुणालातरी शिट्टी मारली. मंगळवारी मी स्वतः दिवसभर खाली पंपाच्या खड्ड्यात होतो, नाहीतर माझ्या नजरेतून माशी सुटली नसती.

पण खरं सांगायचं तर ज्याच्यावर मला संशय यायला नको होता, त्याच्यावरच आला.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी कँटीनच्या जिन्याखाली पाना शोधत होतो. वरच्या वळणावर भाऊ फोनवर. हळू आवाजात. "हो. नाही, दादाला अजून काही माहीत नाही. त्याला नका सांगू. मी स्वतः येऊन बघतो, मग ठरवू."

माझ्या मनात पाल चुकचुकली. अशी चुकचुकली की पाना हातात होता तरी मी पाना शोधत राहिलो.

घरी आलो. तो बायकोला औषध द्यायला आतल्या खोलीत गेला. त्याची कामाची पिशवी खुंटीवर. माझी बायको पोळ्या लाटत होती, तिने मान वर करून बघितलं.

"अहो, काय करताय?"

"काही नाही."

"काही नाही करायला पिशवीत हात कशाला लागतो?"

"तू पोळ्या बघ."

"भावजी आहेत ते. चोर नाहीत."

"मला माहितीये."

"मग पिशवी ठेवा."

मी ठेवली नाही. दोन पेनं, वही, दोन डबे, आणि तळाशी एक पाकीट. पलीकडच्या कारखान्याचं, छापील नावाचं. आत पत्र: आमच्याकडे यंत्रणेचे प्रमुख म्हणून या, आपल्या होकाराची वाट बघतो. तारीख दोन महिन्यांपूर्वीची.

मागे वळलो तर तो दारात उभा. हातात औषधाची बाटली.

"विचारायचं ना, दादा."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

"नसतं. पण विचारायचं."

"हे काय आहे?"

"दिसतंय ते. बोलावलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही."

"लपवलं का?"

"तू मला इथे लावलास. दर माणसाला सांगतोस, मी लावला, मी लावला. मी सोडून जातो म्हटलं असतं तर तुला काय वाटलं असतं?"

"आणि डिस्क?"

हे तोंडातून गेलं. परत घेता आलं असतं तर मी घेतलं असतं. माझ्या बायकोच्या हातातलं लाटणं थांबलं. त्याने बाटली शांतपणे टेबलावर ठेवली.

"डिस्क माझ्याकडे नाही," तो म्हणाला. "कुठे गेली ते मला दहा मिनिटांत कळेल. कंट्रोलर सगळं लिहून ठेवतो. कुठला खण कधी उघडला, काय काढलं, काय घातलं, कुणी कशाला हो म्हटलं. मालक फक्त दहा मिनिटं पडद्यासमोर बसू देत नाहीत. हवं तर माझे हात बांधा, बटणं दुसऱ्याला दाबू द्या." मग तो आत गेला. जेवायला आला नाही. माझ्या बायकोने त्याचं ताट झाकून ठेवलं आणि मला वाढलेल्या ताटात आमटी घालायला विसरली. विसरली नव्हती, हे मलाही कळत होतं.

शनिवारी सकाळी मी कारखान्यात नेहमीपेक्षा आधी पोचलो. आमच्याकडे शेवटच्या शनिवारी भंगाराची गाडी येते. स्टोअरवाला निकामी पार्टचा ट्रे माझ्या टेबलावर पाठवतो, आणि त्यात संगणकाच्या डिस्क असल्या तर ड्रिलने तीन-तीन भोकं पाडून मी परत देतो. मालकांचा हुकूम आहे. भंगारातून कुणी नक्षी वाचू नये म्हणून. साडेआठला ट्रे येतो, नऊच्या आत माझी भोकं पाडून झालेली असतात. बावीस वर्षांत हे काम मी मागे ठेवलेलं नाही. त्या दिवशी ठेवलं. साडेआठला मी रंगाच्या पिंपांमागे उभा राहून डिझाइनरबाई कुणाशी बोलतात ते बघत होतो. त्या मांजराशी बोलत होत्या. मग मी सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेलो.

"साहेब, त्याला दहा मिनिटं पडद्यासमोर बसू द्या. तुमच्यासमोर."

"पुसून टाकेल सगळं."

"बटणं तुम्ही दाबा. त्यात त्याचं काही निघालं तर त्याच्याबरोबर मीही घरी जातो. बावीस वर्षं झाली. माझ्यासारखा फिटर शोधून दाखवा, मग घालवा."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. माझ्यासारखा फिटर मिळत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. उठले.

गार खोलीत मालक खुर्चीत, डिझाइनरबाई दारात, भाऊ हात मागे बांधून उभा. "युटिलिटी उघडा. आता तिथे, घटनांची यादी. खाली या. अजून खाली." मालक एका बोटाने बटणं दाबत होते, कोंबडी दाणे टिपते तसं. यादीतली ओळ ओळ भाऊ आम्हाला समजेल अशी वाचत गेला.

मंगळवार, अकरा वाजून चार मिनिटं: स्लॉट एकमधली डिस्क निकामी. डब्याची शिट्टी सुरू.

अकरा दहा: शिट्टी बंद केली गेली.

अकरा चाळीस: स्लॉट शून्यमधली डिस्क बाहेर काढली.

"शून्य?" मालक म्हणाले. "बिघडली तर एक होती."

"हो." भावाचा आवाज बदलला. "इथे मोजणी शून्यापासून असते, साहेब. वरचा खण शून्य, खालचा एक. कुणीतरी 'एक' वाचलं आणि वरून पहिली काढली. मेलेली आत ठेवली, जिवंत बाहेर काढली."

बारा पाच: स्लॉट शून्यमध्ये दुसरी डिस्क घातली. जुन्या जोडीची ओळख सापडली. स्वीकारायची का? उत्तर: हो.

"म्हणून तीन महिने मागे गेलं," भाऊ म्हणाला. "जुन्या डिस्कला तेवढंच आठवतं. ती कुरकुरायला लागली म्हणून तीन महिन्यांपूर्वी मी काढली होती, स्टोअरमध्ये जमा केली. चिठ्ठी लावली होती, भंगारात देऊ नये, अडीनडीला वाचता येईल."

"पण किल्ली?" मालकांनी विचारलं.

डिझाइनरबाई दारातून म्हणाल्या, "मंगळवारी तुमच्या केबिनमधून शिट्टीच किल्ली घेऊन आले होते. मला म्हणाले, लाइट गेली होती, चालू करून देतो. मला काय कळतंय त्यातलं. डिस्कचं काही बोलले नाहीत, म्हणून गुरुवारी माझ्या डोक्यातच आलं नाही."

मी मात्र दुसऱ्याच गोष्टीपाशी अडकलो होतो. अकरा चाळीस आणि बारा पाच. पंचवीस मिनिटं. डिस्क काढायला एक मिनिट, घालायला एक मिनिट. मधल्या वेळात माणूस काय करत होता? डब्याबद्दल मला काही कळत नाही, पण या कारखान्यात पंचवीस मिनिटं कशाला लागतात ते माझ्याइतकं कुणाला कळत नाही.

"स्टोअर!" मी ओरडलो. "साहेब, स्टोअर! जुना पार्ट जमा केल्याशिवाय आपल्याकडे दुसरा मिळतो का?"

नाही मिळत. सुईसुद्धा मिळत नाही. मोडकी सुई द्या, चिठ्ठी भरा, सही करा, स्टोअरवाला चष्मा शोधेल, मग नवी सुई. पंचवीस मिनिटं बरोबर. म्हणजे चांगली डिस्क चोरीला गेलीच नव्हती. ती खराब पार्ट म्हणून रीतसर सही-शिक्क्यानिशी स्टोअरमध्ये जमा झाली होती.

आम्ही चौघं खाली धावलो. स्टोअरवाला काका खिडकीत चहा ओतत होते.

"मंगळवारी डिस्क जमा झाली?"

"झाली की. बदल्यात दुसरी दिली. कपाटात एक पडलेली होतीच."

"चिठ्ठी नाही वाचलीत? भंगारात देऊ नये म्हणून?"

"वाचली. भंगारात कुठे दिली? डब्यात दिली."

"आणि जमा झालेली कुठे आहे?"

"ती खराब. सकाळीच गेली ट्रेमधून." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तुमच्याकडे. भोकं पाडायला."

भाऊ माझ्याकडे बघायला लागला.

"दादा, पाडलीस?"

"नाही. मी आज... मी टेबलावर नव्हतोच."

"मग काळजी नाही," काका म्हणाले. "तुम्ही दिसला नाहीत, गाडी तर दारात उभी. मी शिट्टीला सांगितलं, तूच पाडून टाक."

ड्रिलचा आवाज तेवढ्यात सुरू झाला. तो आवाज मी झोपेतही ओळखतो. मधलं आवार मी कसं ओलांडलं ते मला माहीत नाही. गुडघा दुखतो माझा, पण त्या दिवशी दुखला नाही. वर्कशॉपमध्ये शिट्टी ड्रिलवर वाकलेला, शिकंज्यात एक डिस्क, ट्रेमध्ये चार. मी लाल बटणावर पंजा मारला. ड्रिलचं टोक फिरत फिरत थांबलं, डिस्कच्या वर दोन बोटांवर.

"काय झालं?" शिट्टी म्हणाला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

भावाने कुणाकडे बघितलं नाही. ट्रेमधली एकेक डिस्क उलटी करून नंबर बघायला लागला. मग शिकंज्यातली सोडवली. तिला स्टोअरचा टॅग होता: खराब, मंगळवार, सही शिट्टीची. त्याने वही उघडून माझ्यापुढे ती डिस्क धरली.

"वाच."

मी वाचला. अकरा आकडे, मध्ये दोन अक्षरं.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचला. त्याने वही मिटली.

शिट्टीने तिथेच सगळं सांगितलं. डबा कोकलत होता, आवाज बंद केला, टेबलावर निरोप आला की एक नंबर खराब, म्हणून पहिली काढली, दुसरी आणली, पडद्याने काहीतरी विचारलं, हो म्हटलं, सगळं सुरू झालं. "मी तर काम केलं!"

"मग गुरुवारी का नाही बोललास?" मालकांनी विचारलं.

"तुम्ही चोरी म्हणालात. मी चोरी कुठे केली होती? पार्ट बदलला होता." मग हळूच म्हणाला, "आणि नंतर बोलायची भीती वाटली."

भोकं पाडताना त्याला माहीत होतं का, की शिकंज्यात कुठली डिस्क आहे? भाऊ म्हणतो, नव्हतं. काकांनी सांगितलं म्हणून पाडत होता. टॅगवर त्याचीच सही होती, असं मी म्हणतो. पाच डिस्कमधून नेमकी तीच आधी का लावली? आजही तो समोरून आला की मी त्याच्या हाताकडे बघतो.

चांगली डिस्क वरच्या खणात गेली. भावाने पडद्यावरचा प्रश्न दोनदा वाचला, मग हो म्हटलं. डिझाइनरबाईंनी फोल्डर उघडलं. एकशे चाळीस. सगळ्यात शेवटी सोमवारी काढलेली निळ्या पानांची वेल. त्या पडद्यावरच्या त्या वेलीवरून बोट फिरवत राहिल्या. भावाने आधी सगळ्याची नक्कल तिसऱ्याच ठिकाणी उतरवून घेतली, या वेळी कुणी लोणच्याचं नाव काढलं नाही. मग मेलेल्या डिस्कच्या जागी कोरी घातली आणि जोडी पुन्हा भरायला लावली. पडद्यावर टक्के सरकायला लागले. चार तास लागतात.

मालकांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, मलाही. दार लावलं. म्हणाले, "झालं गेलं विसरून जा."

"विसरतो, साहेब," भाऊ म्हणाला. "पण दार उघडा."

"म्हणजे?"

"गुरुवारी जिन्यात म्हणालात. जिन्यात जेवढे होते तेवढ्यांसमोर म्हणा."

मी माझ्या भावाला आजवर असं बोलताना ऐकलं नव्हतं. मालकांचे कान लाल झाले. पाळी बदलायच्या वेळी आवारात सगळे जमले तेव्हा ते पायरीवर उभे राहून म्हणाले, "डिस्क सापडली. याचा काही दोष नव्हता. माझी... घाई झाली." एवढंच, आणि तेही चपलेकडे बघत. पण ऐकलं सगळ्यांनी.

लोक पांगायला लागले. भाऊ वळला. मीही त्या पायरीवर चढलो. मी तिथून नेहमी ओरडतो, रोलर बंद करा, वाफ सोडा, म्हणून सगळे थांबले.

"मालकांनी संशय घेतला ते परके आहेत," मी म्हटलं. "मी घेतला. काल मी माझ्या भावाची पिशवी तपासली. घरात. चोरासारखी. हे मी तुम्हाला सांगतोय, कारण उद्या दुसऱ्या कुणी सांगितलं तर मी त्याचं थोबाड फोडीन."

कुणी हसलं नाही. माझ्या बोलण्यावर हसायची आमच्याकडे पद्धत नाही. भाऊ मान खाली घालून चपलेने माती उकरत होता, लहानपणी मी त्याला रागावलो की उकरायचा तशी.

शंभर टक्के व्हायला संध्याकाळ झाली. तोवर त्याने डिझाइनरबाईंना युटिलिटी वाचायला शिकवली, खणांवर मोठ्या अक्षरांत शून्य आणि एक असे कागद चिकटवले, त्याखाली 'वरचा' आणि 'खालचा' असंही लिहिलं. वहीत शेवटची नोंद केली आणि वही डिझाइनरबाईंकडे दिली. तेव्हाच मला कळलं.

घरी जाताना आम्ही दोघं सायकली हातात धरून चालत होतो.

"तिकडे जातोयस," मी म्हटलं.

"हो. पंधरा दिवसांनी. रागाने नाही, दादा. तिकडे वीस डबे आहेत."

"वीस!"

"आणि प्रत्येकात आठ डिस्क."

मी मनात गुणाकार केला, मग सोडून दिला. वीस डबे सांभाळणार, आणि प्रमुख म्हणून. आमच्या घरातला पोरगा. उद्याच मी आईला सांगणार होतो, परवा शेजारच्यांना.

"त्यांचा फिटर कसा आहे?" मी विचारलं.

"चांगला आहे म्हणे."

"माझ्यासारखा?"

तो हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा.

"तुझ्यासारखा कुठे मिळतो रे."

"मग बेरिंगचा आवाज आला तर मला फोन कर," मी म्हटलं. "त्याला विचारत बसू नकोस."